लाल गाडीचा उन्हाळा

कूलरची घास बदलायची वेळ झाली की समजावं, आता दोन-अडीच महिने आपलं काही खरं नाही. होळीची राख चौकात अजून तशीच असते आणि आमची आई माळ्यावरून कूलर उतरवायला माणूस बोलावते. मागच्या वर्षीची घास काळी पडून कडक झालेली असते. ती ओढून काढली की धूळ, पालीची अंडी आणि हरवलेला एखादा कपड्यांचा चिमटा असं काहीबाही निघतं. नवी घास भरून पहिलं पाणी सोडलं की घरभर ओल्या गवताचा वास सुटतो. माझा उन्हाळा तिथून सुरू होतो. मोहराचे आणि मोगऱ्याचे उन्हाळे ज्यांच्या नशिबात असतील त्यांनी खुशाल लिहावेत, मी वडनेरची आहे.

शाळा सकाळची होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे दुपारी घरी येताना डांबर चपलेला चिकटतं हे मी अनुभवाने सांगते आहे. शेतं रिकामी, बांधावर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचे ढीग, आणि हायवेवरून जाणारा प्रत्येक ट्रक एक गरम झुळूक तोंडावर फेकून जातो. घरोघरच्या गच्चीवर कुरड्या वाळत असतात. त्यांना राखण म्हणून बसवलेली पोरंच अर्ध्या कुरड्या ओल्या असताना खातात. आमच्या गच्चीवरही हेच. ओरडते मी, पण एखादी मीही उचलते.

आणि आमच्या घरात होळीनंतर आणखी एक काम असायचं, जे गावात दुसऱ्या कोणाकडे नव्हतं. गाडी झाकायची. आईने जुन्या चादरी जोडून शिवलेली खोळ बाबा दोन्ही हातांनी झटकायचे, गाडीच्या नाकावरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "चला, आता दिवाळीले भेटू." सासरी चाललेल्या लेकीला बोलावं तसं. माझ्या लग्नात एवढे हळवे झाले नव्हते, हे मी त्यांना अजून ऐकवते.

गाडी म्हणजे साधीसुधी नव्हे. दोन माणसांची, उघड्या टपाची, बसकी, लाल, विलायती आणि वयाने माझ्यापेक्षा मोठी. खामगावच्या एका जिनिंगवाल्याच्या मुलाने हौसेने घेतली होती म्हणे. पुढे जिनिंग बंद पडली, मुलगा परदेशी गेला आणि गाडी सरकीच्या ढिगाशेजारी वर्षानुवर्षं पडून राहिली. बाबा तेव्हा आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग घ्यायचे. त्यांनी ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून घरी आणली. आई पिंपळगाव राजाची, तोंडाला फटकळ. दारात उभी राहून म्हणाली, "लोकं ट्रॉलीत म्हैस आणतात. तुम्ही हे काय आणलं?" सीटमध्ये उंदरांनी संसार मांडला होता. आजही दार जरा जोरात लावलं तर कुठून तरी एखादी सरकी खाली पडते.

बाबांनी ती उभी केली, चालवली, पण हिवाळ्यापुरतीच. गाडीत दोन काटे आहेत आणि बाबांचा जीव त्या दोन काट्यांवर आहे. एक पाणी किती तापलं ते सांगतो, दुसरा ऑइलचा दाब. थंडीत दाबाचा काटा कसा ताठ उभा असतो. उन्हाळ्यात इंजिनातलं ऑइल तापून पाण्यासारखं पातळ होतं आणि गाडी रेल्वे फाटकाशी थांबली की काटा हळूहळू खाली बसतो. "दाब गेला की इंजिन कोरडं घासते," बाबा समजावायचे, "माणसाच्या गुडघ्यातलं वंगण गेल्यावानी." फाटकाशी थांबली की काटा बसतो, हे त्यांचंच बोलणं. ते आम्ही सगळ्यांनी ऐन वेळी विसरायचं होतं, ही गोष्ट वेगळी.

गुडघ्यावरून आत्याकडे येते. बाबांची थोरली बहीण. सरकारी दवाखान्यात नर्स होती. आमच्या भागातल्या अर्ध्या गावाची नाळ तिने कापली आहे, म्हणून तिला सगळे सिस्टरबाई म्हणतात. आता मुलाकडे बुलढाण्याला असते. तिथे संध्याकाळी वारा सुटतो, त्याचा तिला फार अभिमान. "तुमचं वडनेर म्हंजे भट्टी हाय भट्टी," असं फोनवर ऐकवते. पण चौदा एप्रिलला ती या भट्टीत यायचीच. पांढरी साडी, निळा काठ, आणि विहारापासून निघालेल्या मिरवणुकीत बायकांच्या पहिल्या ओळीत. नोकरीत असताना ड्यूटी बदलून यायची, पाय मुरगळलेला असताना यायची. मी लहानपणी तिचं बोट धरून चालले आहे, तिचा वेग मला माहीत आहे. ती चालायची म्हणजे मागच्यांना पळावं लागायचं.

दोन वर्षांपूर्वी तिच्या गुडघ्यांनी दगा दिला. त्या जयंतीला आम्ही तिला ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. मिरवणूक समोरून गेली. बायकांनी हात केले, तिनेही केले. मग सगळे पुढे गेले, रस्त्यावर गुलाल आणि कागदाचे ग्लास उरले. मी तिला पाणी द्यायला गेले तर ती पदराने डोळे पुसत होती. मला म्हणाली, "मिरवणूक पाहाची नसते वं बाई. चालाची असते. पुढच्या साली मी येत नाही." आत्याला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

ती शब्दाची पक्की. बाबांनी संक्रांतीपासून फोन सुरू केले, ते होळी होऊन गाडी झाकली तरी चालूच होते.

"जीप करतो."

"नाही."

"ट्रॅक्टरवर खुर्ची बांधतो, मस्त सजवू."

"मी का मूर्ती हाओ का बे?"

"मंग कशात येशीन?"

मग आत्या म्हणाली, "तुह्या त्या लाल गाडीत नेशीन तं येतो." आणि फोन ठेवला.

आई हसायला लागली. आत्या काय खेळली हे तिला लगेच कळलं. लाल गाडी होळीनंतर बाहेर निघत नाही हे सगळ्या खानदानाला ठाऊक. नाही म्हणायचं पण तोडून बोलायचं नाही, याचा हा आत्याचा नमुना होता. बाबा मात्र हसले नाहीत. अंगणात जाऊन खोळीखालच्या गाडीसमोर उभे राहिले, बराच वेळ.

ऑइल कूलर हा शब्द आमच्या घरात त्या संध्याकाळी आला. बाबांनी समजावलं ते असं: इंजिन आणि ऑइल फिल्टर यांच्यामध्ये एक जाड चकती बसवायची. तिच्यातून तापलेलं ऑइल एका पायपाने गाडीच्या नाकाकडे जातं. तिथे रेडिएटरसारखी एक छोटी जाळी असते, ती वारा खाते. निवलेलं ऑइल दुसऱ्या पायपाने परत इंजिनात. एवढंच. जाळी, चकती आणि पाइप मुंबईहून पार्सलने आले, आणि ते उघडताना बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता.

मदतीला इक्बालभाई आले. नांदुरा रस्त्यावर त्यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे आणि बाबांशी त्यांची तीस वर्षांची भांडणाची दोस्ती. पहिलं भांडण भोकावरून झालं. जाळी बसवायला समोरच्या पत्र्याला भोकं पाडावी लागणार होती.

"मास्तर, चार सुराख मारतो, दहा मिनटाचं काम."

"हात नको लावू! मूळ पत्रा हाय तो."

"अरे, गाडी हाय का ताजमहाल?"

शेवटी ठरलं की गाडीचे आहेत तेच बोल्ट वापरायचे आणि त्यांना लोखंडी पट्टी वाकवून लावायची आणि तिला जाळी टांगायची. पट्टी कुठून आणायची? इक्बालभाईंची नजर आमच्या खिडकीबाहेर गेली, जिथे घरच्या कूलरचा लोखंडी स्टँड उभा होता. आई शेजारी वाटण वाटायला गेली होती. ती परत आली तेव्हा कूलर विटांवर वाकडा बसलेला आणि पाणी खोलीत. त्या दिवशी आमच्याकडे जे बोलणं झालं ते छापण्यासारखं नाही. पण आठ दिवस घरचा कूलर बंद असूनही आई शेजाऱ्यांकडे झोपायला गेली नाही, वारा नाही म्हणून ओली चादर अंगावर घेतली आणि बाबांना चहाही वेळेवर दिला. आत्या तिची नणंद, पण तिचं पहिलं बाळंतपण आत्यानेच केलं होतं. ते बाळ म्हणजे मी.

त्या दिवसांचा आवाज माझ्या कानात आहे. दुपारी गावात चिटपाखरू नसायचं. सगळ्या खिडक्यांतून कूलरची घरघर आणि आमच्या अंगणात पान्याची टणटण. इक्बालभाईंचे रोजे नुकतेच संपले होते, त्यामुळे ते दर थोड्या वेळाने पाणी मागायचे आणि वसुली चालू असल्यासारखं प्यायचे. पाइप कुठे घासू नये म्हणून बाबांनी त्यांच्यावर सायकलची जुनी ट्यूब चढवली. ऑइल भरलं, गाडी चालू केली, दोघं पोटावर झोपून गळती बघत राहिले. गळती नव्हती. दोघांनी एकमेकांचं अभिनंदन केलं नाही, फक्त विड्या पेटवल्या. बाबांनी विडी सोडून पाच वर्षं झाली होती, म्हणजे आम्हांला तसं सांगितलं होतं.

आणि मग त्यांनी ती करामत केली जी फक्त आमच्या वऱ्हाडातली माणसं करू शकतात. आमच्याकडे थंड करायचं म्हटलं की ओलं करायचं. माठाला ओलं फडकं, खिडकीला ओली वाळ्याची ताटी, गाडीच्या पुढे लटकलेली पाण्याची कापडी छागल, डोक्याला ओला दुपट्टा. तेव्हा इक्बालभाई म्हणाले, "मास्तर, जाळीले ओलं पोतं बांधलं तं?" आणि बाबा, ज्यांनी आयुष्यभर पोरांना इंजिन शिकवलं, ते म्हणाले, "वा! डबल थंड."

घाटातली पहिली चाचणी त्या पोत्यासह झाली. बाबा चालवायला, शेजारी मी, कारण आईने ठाम नकार दिला होता. मोताळा मागे पडलं, बुलढाण्याला चढणारा राजूर घाट लागला. पळसाची फुलं गळून गेलेली, सागाची पानं वाळून रस्त्यावर पडलेली, आणि उघड्या गाडीत ऊन डोक्यावर हंडा धरल्यासारखं बसलेलं. तरी खरं सांगते, मला मजा येत होती. एवढ्या बसक्या गाडीतून घाट वेगळाच दिसतो. रस्ता मांडीजवळून पळतो आणि माकडं वरून आपल्याकडे कीव केल्यासारखी बघतात.

दुसऱ्या वळणावर बाबांचा चेहरा उतरला. मी काट्यांकडे पाहिलं. पाण्याचा काटा वर आणि ऑइलचा खाली, दोघंही नको तिकडे. गाडी सावलीत घेतली. बाबा उतरले, समोर गेले. पोतं वाळून कडकडीत झालं होतं. त्यांनी मागून जाळीजवळ हात नेला.

"वाराच नाही," ते म्हणाले.

"कुठून असंल? पोतं बांधलंय," मी म्हणाले.

बाबांनी पोतं सोडलं, घडी केली आणि माझ्या पायाशी ठेवलं. "इक्बालले सांगू नको." मग आम्ही गाडी निवेपर्यंत बसलो, आणलेली काकडी खाल्ली, आणि पुन्हा चढायला लागलो. या वेळी ऑइलचा काटा थरथरला, जरा खाली आला आणि तिथेच राहिला. एकेक वळण मागे पडलं. वर पोचलो तेव्हा बाबांनी हॉर्न वाजवला. रस्त्यावर कोणी नव्हतं. उगाच वाजवला.

जयंतीच्या दिवशी बाबा सकाळी एकटेच गेले. आत्याच्या दारात लाल गाडी उभी राहिली तेव्हा काय झालं, हे पुढे आत्यानेच अनेकदा सांगितलं. ती वंदनेहून येऊन चहा पीत होती. "मले वाटलं, स्वप्न पडून राह्यलं. मंग हा उतरला, घामानं भिजलेला, अन् म्हणते, चाल अक्का. आता काय म्हणू? शब्द देल्ला होता." साडी तीच, पांढरी, निळ्या काठाची. गाडीत बसताना बाबांना आणि तिच्या मुलाला मिळून तिचे पाय आत घालावे लागले. घाट उतरल्यावर सपाटीवरच्या लूच्या गरम झळा लागल्या, पण काटा हलला नाही. भर दुपारी दोघं घरी आली तेव्हा आत्याचे केस वाऱ्याने उभे राहिले होते आणि आई तिला बघून इतकी हसली की हातातलं पन्हं सांडलं.

संध्याकाळी मिरवणूक निघाली. निळे झेंडे, पांढरे कपडे, पुढे लेझीम, मधे मोठे स्पीकर, मग बायकांच्या ओळी आणि त्यांच्यामागे आमची लाल गाडी. आत्या ताठ बसलेली. लोक येऊन पाया पडत होते आणि ती प्रत्येकाला विचारत होती, "तू कोनाचा?" मी गाडीच्या बाजूने चालत होते. माझा ऊर भरून आला होता, हे आता लिहायला हरकत नाही.

पहिला चौक आला. मिरवणूक थांबली. पोरं नाचायला लागली. आता तुम्हांला सांगायला नको, चौकातली मिरवणूक कशी थांबते. एक गाणं संपतं, वाटतं आता निघेल, तोवर दुसरं लागतं. दिवसभर तापलेल्या रस्त्यातून वाफ वर येत होती, वारा औषधालाही नव्हता आणि गाडी जागेवर घरघरत होती. मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा घाटातल्या दुसऱ्या वळणावरचा झाला होता.

जाळी वारा खाते. वारा गाडी पळाली की मिळतो. आणि मिरवणूक कधी पळत नाही. घाट झाला, हायवे झाला, सगळ्या चाचण्या झाल्या, पण गाडी जिथे न्यायची होती तिथे ती उभीच राहणार आहे, हे त्या दोन तज्ज्ञांच्या डोक्यात आलं नाही, आणि माझ्याही नाही.

मग जो गोंधळ झाला तो आमच्या गावाला शोभेल असाच. कोणी पुठ्ठ्याने जाळीला वारा घालू लागलं. एक बाई घरातून सूप घेऊन आली आणि ज्वारी पाखडावी तशी मन लावून वारा घालू लागली. इक्बालभाई गर्दीतून वाट काढत आले आणि ओरडले, "पोतं कुठं हाय?" बाबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते गप्प झाले. काटा खाली, आणखी खाली.

"बंद कर," आत्या म्हणाली.

"अक्का, दोन मिनिट थांब…"

"बंद कर म्हणतो ना. कायले जीव घेतं त्या इंजनाचा?"

बाबांनी चावी फिरवली. गाडी थरथरली आणि शांत झाली. बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिले. "जमलं नाही अक्का," एवढंच म्हणाले. मला इतकं वाईट वाटलं की मी तिकडे बघायचंच टाळलं.

तेवढ्यात पुढच्या ओळींतल्या काही बायका मागे आल्या आणि त्यांनी गाडीला हात लावले. सूपवालीने सूप डोक्यावर पालथं घातलं आणि तिनेही लावला. स्पीकर पुढे सरकला आणि त्यांनी गाडी ढकलली. हलकी गाडी ती, सहज चालली. बाबा नुसतं वळवत होते.

आत्या दहा-पंधरा पावलं बसली असेल. मागे वळून बघायची, पुन्हा पुढे बघायची. मग चुळबुळ करत ती बाबांना म्हणाली, "थांब मदू. थांब म्हणतो. बाया ढकलून राह्यल्या अन् मी बसून राहू?" तिने दार उघडलं. मी धावले, बाबा ओरडले, "अक्का, गुडघे!" पण ती उतरली. माझ्या खांद्याचा आधार घेत गाडीच्या मागे गेली. तिथे डिकीवर सामान बांधायचा चकचकीत नळ्यांचा कॅरिअर आहे. तिच्या कमरेच्या जरा वर येणारा, बरोबर उंचीचा. तिने दोन्ही हातांनी तो धरला, भार त्याच्यावर टाकला, आणि एक पाऊल टाकलं. मग दुसरं.

"चाला वं," ती बायकांना म्हणाली. "पन दमानं."

गाडी तिच्या चालीने चालली. इंजिन बंद, चाकांचा बारीक आवाज, पुढे दूर स्पीकर. थांबायचं झालं की ती थांबायची, बाबा ब्रेक लावायचे. निघायचं झालं की ती कॅरिअरवर बोटांनी टकटक करायची. बायका तिच्या दोन्ही बाजूंनी ओळ करून आल्या. मी वाकून पाहिलं तर बाबा रस्त्याकडे कमी आणि छोट्या आरशाकडे जास्त बघत होते, आणि त्यांचे डोळे वाहत होते. परत विहारापर्यंत आत्या अशी आली. चालत.

ती विहाराच्या पायरीवर बसल्यावर बाबा तिच्याजवळ गेले, चोरट्यासारखे. ती म्हणाली, "तोंड काऊन पाडलं? घाटावरून तं त्या जाळीनंच आणलं ना मले." मग गुडघे चोळत म्हणाली, "इथं तिचं काम नव्हतं."

आता पुन्हा होळी होऊन गेली आहे. आईने कूलरसाठी नवा स्टँड करून घेतला आणि त्याला साखळी-कुलूप लावलं आहे. ओल्या घासेचा वास घरभर आहे. गच्चीवर कुरड्या आहेत. इक्बालभाई जाळीच्या मागे बसवायचा पंखा घेऊन आले होते, विजेवर फिरणारा. तो लावला की गाडी उभ्या जागीही वारा खाईल. बाबांनी तो हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि परत दिला. इक्बालभाईंना राग आला. मला आला नाही.

खोळ निघाली आहे. गाडी अंगणात उभी आहे, नाकाशी ती जाळी, आणि मागच्या कॅरिअरला बाबांनी दोन्ही हातांच्या जागी सुतळी गुंडाळली आहे. उन्हात नळी तापते, तळव्याला चटका बसायला नको म्हणून. काल आत्याचा फोन आला होता. गुडघे कसे आहेत विचारलं तर म्हणाली, हायेत तसेच. मग बाबांना फोन द्यायला सांगितला.

"घाटाचं पाहून घेजो," ती म्हणाली. "ऑइल-बिइल सगळं. मले वरून नीट आण." आणि जरा थांबून, "गावात मंग चावी खिशात टाकजो."